गेलेल्या पायाची जागा

मूर्तिकार काकांची ही सवयच: ओल्या मूर्तीची फळी बोटानं जराशी हलवायची, एक डोळा मिटायचा आणि विचारायचं, “भार कुठं हाय?” मूर्ती काय बोलणार! पण त्यांना उत्तर मिळायचं. सुनेनं डोक्यावर हंडा घेतला तरी हाच प्रश्न.

पेणला रामवाडीत आमच्या शेजारीच त्यांचा गणपतींचा कारखाना. मी रोह्याला शाळेत शिकवायची. हायवेवर ट्रकनं उडवलं आणि माझा डावा पाय मांडीपासून गेला. शाळा उघडेपर्यंत कुबड्यांवर चालता आलं नाही तर नोकरी जाणार होती. आणि मी दोन पावलांत डावीकडं कोसळत होते. एकदा वैतागून कुबडीच भिरकावली. ती नेमकी त्यांच्या दारात पडली.

कुबडी घेऊन ते आले. “बाई, आमची मांजर बगायला चला.”

“काका, चेष्टा नकोय मला.”

“चेष्टा नाय वो. या तर खरं.”

त्यांच्या मांजरीचा पुढचा एक पाय कुत्र्यानं फाडला होता, डॉक्टरांनी तो खांद्यापासून काढला. आधी सारखी तोंडावर आपटायची म्हणे. आता ओल्या मूर्तींच्या रांगेतून टुणटुणत चालली होती, एकीलाही धक्का न लावता.

“पुढचा उरलेला पाय कुठं टाकते बगा.”

मी पाहिलं. छातीखाली, अगदी मधोमध.

“तुमी अजून गेलेल्या पायाची जागा राखून बसलाय. तो काय परत येनार हाय? उरलेला मधी घ्या.”

असा राग आला! घरी येऊन पोटभर रडले. दुसऱ्या दिवशी गुपचूप पाय मध्ये घेऊन पाहिला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या दारापर्यंत गेले, न पडता.

“व्हय! आता भार मधी आला,” ते म्हणाले आणि मातीच्या हातानंच डोळे पुसले. गालभर शाडू.

शाळा उघडली त्या दिवशी मी वर्गात उभी होते. पुढं निवृत्त होईपर्यंत शिकवलं. ते सगळं त्या माणसामुळं, दुसऱ्या कुणामुळं नाही.

मी चालायला लागले त्याच्या दुसऱ्याच वर्षी काका गेले. घरच्यांना भेटायला मी गेले तर कारखान्यात त्यांचा बसायचा पाट तसाच ठेवलेला, कुणी त्यावर बसत नव्हतं. मांजर टुणटुणत आली आणि खुशाल त्या पाटावर बसली. सून हाकलायला धावली.

“बसू दे गो तिला,” मी म्हटलं.

गेलेल्याची जागा राखून न बसणं मांजरीला जमलं. मला मात्र अजूनही त्या पाटाकडं पाय वळवता येत नाही.