नऊची रिंग सहावर

पाचवी गोळीही तीनशे मीटरवरच्या टार्गेटच्या वरून गेली आणि मागच्या मातीच्या बंधाऱ्यात घुसली. साहेबांनी डोळ्यांवरची दुर्बीण खाली घेतली.

"आर्मरर, साळवेची नजर गेली. सोमवारपासून त्याला निशाणबाजांतून काढतो. गार्ड ड्यूटी करू दे."

साळवे ऐकत होता. तो काही बोलला नाही, आणि मला तेच खटकलं. एरवी स्वतःची गोळी चुकली तर वाऱ्याशीसुद्धा भांडणारा माणूस!

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी दौंडजवळच्या एका पोलीस कॅम्पात आर्मरर होतो. बंदुका दुरुस्त करणं, तपासणं हे माझं काम. भांडगावचा साळवे हवालदार आमचा सगळ्यात भरवशाचा निशाणबाज. शिरूरच्या बाजूला माळावर आमची फायरिंग रेंज होती. त्या आठवड्यात तिथं नव्या स्कोपची ट्रायल चालू होती.

स्कोप म्हणजे रायफलीवरची दुर्बीण. आमच्या जुन्या स्कोप फिक्स होत्या. चार पट मोठं दिसणार, बस्स. कमी नाही, जास्त नाही. आतले भाग थोडे, त्यामुळे ट्रकमध्ये आदळल्या तरी बिघडत नसत. संध्याकाळी उजेड कमी झाला तरी चित्र स्वच्छ. नव्या स्कोपला फिरवायची रिंग होती, तीन पटीपासून नऊ पटीपर्यंत.

मी फिक्सच्या बाजूचा. साहेबांनी एकाच प्रश्नात मला गप्प केलं होतं. "तीनशे मीटरवरच्या खिडकीत दोन माणसं आहेत. ओलीस कोण आणि गुन्हेगार कोण, हे चार पटीत कळेल?"

नाही कळणार. तिथं साहेबांचं बरोबर होतं.

पण साळवेचं काय? मी म्हणालो, "साहेब, आधी रायफल बघतो. माणूस नंतर काढा."

"जेवणापर्यंत बघा. मग ऑर्डर काढणार."

स्क्रू घट्ट होते, स्कोप धरून ठेवणारा माउंट हलत नव्हता. मी आडवा पडून शंभर मीटरवर तीन गोळ्या मारल्या. तिन्ही बरोबर मधोमध. म्हणजे रायफल ठीक, स्कोपही ठीक. आता मात्र माझं डोकं तापलं. शंभरावर बरोबर आणि तीनशेवर वर, हे कसं?

लांब जाताना गोळी खाली पडत जाते. म्हणून लांबच्या टार्गेटवर स्कोपमध्ये दिसणारा मधला क्रॉस धरायचा नसतो, त्याच्या खालचा ठिपका धरायचा. तेवढी नळी वर उचलली जाते. नव्या स्कोपमध्ये हे ठिपके फक्त नऊ पटीवर खरे होते. रिंग कमी केली की टार्गेट लहान होतं, ठिपके तसेच राहतात. मग तोच ठिपका धरला तर नळी जास्त उचलली जाते आणि गोळी वरून जाते. क्रॉसला रिंगेनं काही फरक पडत नाही, म्हणून शंभरावर क्रॉस धरून मारलेल्या माझ्या गोळ्या मधोमध बसल्या.

मी रिंग बघितली. आदल्या दिवशी मीच नऊवर लावून दिलेली, आता सहावर होती. बाकीच्या रायफली बघितल्या. सगळ्या सहावर!

शस्त्रांच्या खोलीला आमच्यात कोत म्हणतात. कोत सांभाळणाऱ्या पवार हवालदाराला मी बोलावलं.

"पवार, रिंगा कुणी फिरवल्या?"

"मीच की आप्पा. सकाळी साहेबांचं इन्स्पेक्शन हुतं न्हवं? एकीची नऊवर, एकीची चारवर, टेबलावर कसं दिसनार? सहा मधीच पडतंय. समद्या एका लायनीत घेतल्या."

हसावं की ओरडावं, कळेना. आमच्या खात्यात बूट, बादल्या, मच्छरदाण्या सगळं एका ओळीत लागतं. रिंगा कशा सुटतील? आणि त्या सरळ ओळीसाठी साहेबांनी सकाळी पवारची पाठ थोपटली होती.

मी साळवेला बाजूला घेतलं. "अरे, टार्गेट लहान दिसलं असेल की तुला. बोलला का नाहीस?"

तो म्हणाला, "दिसलं आप्पा. वाटलं, माझंच डोळं गेलं. बोललो असतो तर साहेबांनी तवाच काढलं असतं."

मला फार वाईट वाटलं. हा माणूस पाच गोळ्या स्वतःच्या डोळ्यांना शिव्या देत झाडत होता.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी स्कोपला डोळा लावून रिंग स्वतः फिरवून बघितली. मग म्हणाले, "ओळीला शाबासकी मीच दिली होती. साळवे, नऊवर लाव आणि मार."

पाचही गोळ्या टार्गेटमध्ये बसल्या. सोमवारची ऑर्डर निघाली नाही.

नव्या स्कोप साहेबांनी घेतल्या. नऊच्या खुणेवर लाल रंगाचा ठिपका द्यायला लावला आणि इन्स्पेक्शनला रिंगेला हात लावायचा नाही असा हुकूम काढला. लांबच्या कामाला त्या चांगल्याच होत्या, हे मीही मान्य केलं. एक जुनी फिक्स मात्र साळवेनं मागून घेतली.

"नवी चांगली आहे की रे," मी म्हणालो.

"चांगलीच हाय, आप्पा. पर ह्या जुनीला रिंगच न्हाई. हिच्यात ल्हान दिसलं, म्हंजी माझाच डोळा गेला. मग मी सोताच साहेबांना सांगीन."

फिक्स स्कोपचा हा फायदा कुठल्या कॅटलॉगमध्ये छापलेला मी पाहिला नाही.