काचेवर हक्क नाही

लाखनीत हायवेवर चष्म्याचं दुकान असलेले एक काका कंपनीचा इतिहास ऐकवल्याशिवाय कोणाच्याही नाकावर चष्मा चढवत नाहीत.

"पहिले आमची कंपनी नुसत्या काचा बनवे. मंग फ्रेमी सुरू झाल्या, तवा मी फ्रेमीचा एजंट लागलो. काचेवर आपला हक्क नाही."

म्हणून ते स्वतः रिकामी फ्रेम घालतात.

परवा धानाचा ट्रक दुकानावर धूळ उडवून गेला. काकांनी फ्रेम काढली, दोन्ही भोकांवर तोंडाची वाफ सोडली, आतली हवा रुमालानं निगुतीनं पुसली आणि फ्रेम चढवून माझ्याकडे पाहिलं.

"आता साफ दिसून राहिलं. काहून गा, वाळून गेला? जेवत नाही का?"

आमच्या घरी चौघांनाही त्याच कंपनीचे चष्मे आहेत, काचांसकट. त्यांना दिसलं नव्हतं.