घोळणा

"आक्का, नाकातून कायच आलं न्हाई हो... एक थेंब बी न्हाई. तसेच पडले."

फोनवर माझी भावजय सुमन एवढंच बोलली. मेंढरांमागे चालता चालता माझा धाकटा भाऊ नामदेव गेला होता. मेंदूत रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. महिना उलटला, पण सुमनचं ते वाक्य कानातून जात नाही.

नामाचा घोळणा लहानपणापासून फुटायचा. नाकातून रक्त आलं की आई मातीचं ढेकूळ भिजवून त्याच्या नाकाशी धरायची आणि म्हणायची, "जाऊ दे, उष्णता बाहेर पडायलीय." पुढे संसार झाला, तरी पाटोद्याजवळच्या त्याच्या घरात, कोनाड्यात एक ढेकूळ असायचंच. मी चिडवायची, "लोक कोनाड्यात देव ठेवतात, तू माती ठेव!"

गेल्या हिवाळ्यात मात्र रक्त थांबेचना. बीडला माझ्याकडे आला तेव्हा गळ्यातला पंचा भिजून जड झाला होता. डॉक्टरांनी नाकात पट्टी भरली, काढली की पुन्हा धार. रक्तदाबही भलताच वाढलेला. शेवटी भूल देऊन, दुर्बिणीतून ती वाहणारी रक्तवाहिनी बंद केली. बाहेर आणलं तेव्हा चेहरा सुजलेला, तोंडाने श्वास, आणि तशातही माझ्यावर डोळे वटारलेले. मला रडू आलं आणि हसूही.

वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून द्यायची. मेंढपाळाला वाकू नको म्हणणं म्हणजे शिक्षाच. मेंढी व्यायली तर हा बाजेवरून सुमनला सूचना देणार, आणि तोंड उघडून अशी शिंकणार की वाड्यातली मेंढरं बुजायची. पण वास गेला होता, त्याने तो खचला. "आक्का, मेंढरांचा वास येईना. दुसऱ्याच्याच घरात राहिल्यासारखं वाटायलंय." नाकातल्या खपल्या गेल्या आणि एका सकाळी फोनवर ओरडला, "आला बग वास! लई घाण येतोय!" इतका आनंदलेला नामा मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

रक्तदाबाची गोळी कायम घ्यायची, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. मीही फोनवर विचारायची. "घेतो की," म्हणायचा. सुमनला मात्र म्हणायचा, "रगत थांबलं, आता गोळी कावून?"

दहाव्याला भावकीतले एक म्हातारबा बोलले, "नाकाची वाट बुजवली. मग रगत डोक्यात न्हाई जाणार तर कुठं?" माझं टाळकंच सरकलं. नाकातली नस वेगळी, मेंदूतली वेगळी. नाकातली बंद केली नसती तर हिवाळ्यातच गेला असता. गोळी सोडली म्हणून गेला... सगळं सगळ्यांसमोर सांगितलं. सुमन तेवढी हळूच म्हणाली, "खरं हाय, आक्का. पण तवा रगत यायचं... आमाला कळायचं तरी."

निघताना कोनाड्यातलं ढेकूळ मागून आणलं.

परवा माझाच घोळणा फुटला. मी मान पुढे वाकवली, नाक दाबून धरलं, डॉक्टरांनी नामाला शिकवलं होतं तसं. रक्त थांबलं, मलाही रक्तदाबाची गोळी चालू आहे, ती घेतली. मग ते ढेकूळ भिजवून नाकाशी धरलं. आणि लोकांवर एवढी ओरडलेली मी... मनात पहिलं काय आलं असेल?

बरं झालं, वाट उघडी हाय.