दूध सोडून सायकलवर

चिखलातून गेलं की मडगार्डखाली थर बसतो, तसे आमच्या सायकल ग्रुपचे किस्से साचतात. एक खरवडून काढावा, तर खालून दुसरा निघतो. ग्रुप तिघांचाच. मी, शेजारच्या सुनंदाताई आणि सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे रफिकभाई. वाशिम जिल्ह्यातल्या गावांमधून फिरायचं आणि ओळखीच्या घरी जेवायचं.

यंदा मी व्हीगन झाले. धार काढताना वासराला बाजूला ओढतात ते बघवेना, म्हणून दूध, दही, तूप सगळं बंद केलं. सुनंदाताईंनी आधीच बजावलं, "जेवू घालणारं एक जरी घर नाराज झालं, तं तुले तिथूनच एसटीत बसवून देईन. सायकल टपावर." त्या गंमत करत नव्हत्या.

निघायच्या सकाळी रफिकभाई ब्रेक तपासत होते. म्हणाले, "बाई, तुमची सीट चामड्याची हाये."

मी टुणकन खाली उतरले. त्यांनी दुकानातली जुनी रेक्झिनची सीट बसवून दिली. तिच्यावर बसणं म्हणजे पाट्यावर बसणं.

"गाय वाचली," रफिकभाई म्हणाले. "आता तुमी वाचा."

कामरगावच्या टपरीवर मी बिनदुधाचा चहा मागितला. चहावाल्याने हळू आवाजात विचारलं, "शुगर हाये काय?"

"नाही."

"मंग पोटाचं?"

"नाही हो. मी दूध सोडलंय."

त्याने सुनंदाताईंकडे बघितलं. "घरी भांडन झालेलं दिसते," म्हणाला, आणि माझ्या चहात एक चमचा साखर जास्त टाकली.

जऊळक्याला सुनंदाताईंच्या मावसबहिणीकडे जेवण होतं. "दूध नाही चालत, समजलं," म्हणत तिने मला कढी वाढली.

"ताई, यात ताक आहे."

"त्यातलं लोनी तं काढून घेतलं. आता दुधाचं राह्यलं काय त्याच्यात?" तिचा चेहरा उतरायला लागला. सुनंदाताईंनी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

मी घाईने ठेचा मागितला. पुन्हा मागितला. तिसऱ्यांदाही मागितला. बहीण खुलली. माझ्या डोळ्यांतलं पाणी तिला मायेचं वाटलं.

शिरपूर जैनला एका जैन घरी मी निर्धास्त होते. यजमानीणबाई म्हणाल्या, "कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. काही विचारू नका, जेवा." ताटात वरणावर तूप, भातावर तूप, पोळीवर तूप. मी पापड आणि लोणचं खाल्लं, कारण सांगितलं. बाईंनी मला चक्क साध्वीला जोडावेत तसे हात जोडले. त्या भरात सुनंदाताईंना दुसरी पोळी विचारायची राहून गेली.

परतताना रफिकभाईंच्या ओळखीच्या एका काकूंकडे थांबलो. त्यांची म्हैस नुकतीच व्यायली होती. नव्या दुधाचा खरवस वाट्यांतून समोर आला. आल्यागेल्याने तो नाकारला तर म्हैस आटते, असं त्या घरात मानतात.

मी वाटी हातात धरून बसले. काकू बघत होत्या. सुनंदाताई एसटी स्टँडच्या दिशेने बघत होत्या.

"काकू, राग मानू नका," मी म्हटलं. "माझा वाटा पारडाले द्या."

"काहून?"

"त्याच्यासाठीच आलं ना ते दूध."

काकूंनी मान वळवून मागे बघितलं. गोठ्यात पारडू दाव्याला ओढ देत होतं. मग त्यांनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली.

"बरं. चार थानांतलं तुह्या वाट्याचं एक आज पारडाले सोडतो. म्हैस नाही आटत त्यानं." त्या गोठ्याकडे निघाल्या आणि दारात थांबल्या. "तीन राह्यले. तुमच्यात आनखी कोनी सोडलं काय दूध?"

रफिकभाईंनी चाटूनपुसून साफ केलेली वाटी खाली ठेवली, मिशी पुसली आणि हात वर केला.