धाकूनं भिजवलेला चुना

एकोणीसशे पंचावन्नचा उन्हाळा. पवनेच्या काठी, कारखान्याच्या नव्या चाळींसाठी विहीर बांधायचं काम चाललं होतं. उपशाचं तेलाचं इंजिन धडधडत होतं आणि उद्या दुपारी ते दुसऱ्या कामावर जायचं होतं. ते हललं की तळाचं पाणी चढणार, खालचे थर बुडणार. त्याच्या आत चुन्यानं दगड धरायलाच हवा होता.

चुना अंबूबाईचा. पिंपरीच्या शिवेवर तिची भट्टी आणि चुना मळायची बैलाची घाणी. नवरा गेल्यावर दहा वर्षं तिनं एकटीनं भट्टी पेटती ठेवली. शेतकरी ज्या खड्यांना शिव्या घालत बांधावर फेकायचे, ती मळकट चुनखडी ही बाई पाट्यापाट्यांनी वेचून आणायची. पांढरीफेक खडी दिसली की बाजूला टाकायची. म्हणायची, "ही पानाला लावा. पान्यात न्हाई टिकायची. जिच्या अंगात माती हाय, तीच पान्याखाली दगड व्हती."

ठेकेदार बबनरावांनी तिला तोंडावर सांगितलं होतं, "बाई, महिन्याभरात सिमेंटचं परमिट येतंय. तुझ्या चुन्यानं पाण्याखाली दगड धरला तर चाळींच्या सगळ्या टाक्या तुझ्या चुन्यात. न्हाई धरला, तर त्या भट्टीवर भाकऱ्या भाज."

दोन दिवस भाचीच्या लग्नाला निघोज्याला गेलेली अंबूबाई त्या सकाळी परतली, ती थेट घाणीवर. विहिरीकडं निघालेल्या पाटीतला चुना तिनं चिमटीत घेतला. चोळला. लोण्यासारखा मऊ होता, पण बोटं सुटी केली तर तार येईना.

"धाकू, हा कवाचा रं?"

धाकू मालवणकडचा. तिशीतला गडी, कारखान्यात काम मिळेल म्हणून आला आणि घाणीवर रमला. तो खुशीत म्हणाला, "काकी, तुमी गेल्यात त्याच दिवशी सगळो ढीग भिजवून ठेवलंय. वर ओली पोती. आमच्याकडे शिंपल्यांचो चुनो महिनो महिनो भिजत ठेवतत. जितको मुरता तितको बरो."

अंबूबाईनं चिमटीतला चुना झटकला.

"मग घट झाला आसंल."

"झालो तर! आज सकाळी कुदळीनं फोडलंय, पाणी घातलंय, परत घाणीत फिरवलंय. बघा कसो मऊ झालो."

"आरं बाबा, त्यो शिंपल्याचा. ह्यो आपला खडीचा! कोरडा ठेवायचा, भिजवला की त्याच दिवशी संपवायचा. पान्यानंच ह्यो घट व्हतो. एकदा धरला की धरला. फोडून परत मऊ केलास, पन जीव कुठनं आननार त्याच्यात?"

धाकूचं तोंड उतरलं. विहिरीत सकाळपासून दोन थर चढले होते. अंबूबाई काठावर आली. खाली मीरासाहेब मिस्त्री गुडघाभर पाण्यात उभे राहून तिसऱ्या थराचा दगड ठोकत होते. वर बबनराव छत्री धरून उभे. कुणाला काही कळलं नव्हतं. थर ओळंब्यात होते, सांधे भरलेले होते. ती गप्प राहिली असती तर उद्या पाणी चढून सगळं झाकलं असतं.

तिनं पदर खोचला.

"मिस्त्री, हात थांबवा. चुना मेलेला हाय."

बबनराव गर्रकन वळले. "काय म्हणालीस?"

"दोन थर काढाया लागतील. माझ्याच घाणीवरची चूक हाय."

"येडी का खुळी तू? उद्या दुपारी इंजिन चाललं!" मग जवळ येऊन त्यांनी आवाज उतरवला. "आगं, पाणी चढल्यावर कोण बघायला जातंय खाली?"

"कुनीच न्हाई. पर वरचा समदा भार त्याच थरांवर. अन काठावर बाया पानी शेंदाया वाकनार."

खालून मीरासाहेबांनी सांध्यातला चुना थापीनं उकरला. तो भुसभुशीत सुटून आला. "ठेकेदार, बाई बराबर बोलतेय," ते म्हणाले. "मला वाटलं, माझाच हात म्हातारा झाला. दगड काढतो मी. पण बाई, दिवस मावळायच्या आत ताजा चुना पायजे. रातभर अन उद्याची सकाळ तरी त्याला मिळू द्या."

"सिमेंटवाला बरा," बबनराव पुटपुटले, "गोणीला तोंड तरी नसतं."

भट्टीशेजारच्या छपरात चुन्याची कोरडी, चाळलेली फक्की तेवढी धाकूच्या पाण्यातून वाचली होती. वाळू पडली, घाणी सुरू झाली. दगडी चाक चरातून फिरू लागलं. उन्हानं तिसऱ्या प्रहरी बैल बसला, काही केल्या उठेना. धाकूनं बैलाचं जू स्वतःच्या छातीला लावलं. अंबूबाई दुसऱ्या बाजूनं रेटत होती. पाट्या जात राहिल्या. शेवटचा दगड बसला तेव्हा सूर्य नदीपलीकडच्या बाभळींत अडकला होता.

मग तिनं दोन मडकी पाण्यानं भरली. सकाळच्या मेलेल्या आणि दुपारच्या ताज्या चुन्याचा एकेक लाडू वळला. रातभर फडक्याखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन गाडीवर चढलं, तेव्हाच ते एकेका मडक्यात सोडले आणि मडकी विहिरीच्या काठावर मांडली.

पाणी हातभर वर आलं. थर दिसेनासे झाले. तीन दिवस अंबूबाईनं भट्टी पेटवली नाही.

चौथ्या सकाळी बबनराव आले. सकाळच्या चुन्याच्या मडक्यात त्यांनी हात घातला, तर लाडवाचा नुसता गाळ हाताला आला. दुसऱ्या मडक्याला अंबूबाईनं हात लावला नाही. "मिस्त्री, तुमी बघा."

मीरासाहेबांनी लाडू बाहेर काढला, नख रोवलं. नख घसरलं. पुन्हा जोर केला, तर नखच मुडपलं. त्यांनी लाडू दगडावर टाकला. टण्ण वाजला, फुटला नाही.

बबनरावांनी तो उचलला, उलटासुलटा केला आणि मिटलेल्या छत्रीत टाकून चालू लागले. दहा पावलांवर थांबले.

"टाक्यांचं काम सोमवारी धरतोय. चुना कधी देतीस?"

"इचारून सांगते," अंबूबाई म्हणाली.

"आता कुणाला विचारायचं?"

"बैलाला. अन ह्या दुसऱ्याला."

धाकू खाली मान घालून हसला. बबनराव दूर गेल्यावर हळूच म्हणाला, "काकी, भट्टी लावू?"

"लाव. पन पान्याच्या घागरी आजपासनं माझ्या घरात."