वेलावर टिकलेला एकच दुधी

बायको थंडीत गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेले पाहुणे परतले आणि विश्रांतवाडीच्या घरात मला बसवेना. उठायचं, अंगणात जायचं, परत यायचं. मुलगा सकाळीच कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचा, कॉम्प्युटरच्या कामाला. सून शाळेत शिकवायला. मी भिंती बघायला.

फडताळात औषधाच्या बाटलीत तिचं दुधीचं बी सापडलं. आठ बिया. भंडाऱ्याकडचं, तिच्या माहेरचं वाण. बुटका, पोट सुटलेला दुधी. बाजारात मिळत नाही. दरवर्षी एक दुधी वेलावरच जून करून ती पुढचं बी धरायची. आदल्या साली आजारपणात ते राहून गेलं. म्हणजे होतं ते एवढंच.

मी पेरलं आणि चैन पडेना म्हणून दिवसातून चारदा पाणी घातलं. सहा बिया कुजल्या. एक रोप चिमण्यांनी खुडलं. उरला एक वेल. तो गेला की तिचं वाण संपलं, एवढं चौथी शिकलेल्यालाही कळतं.

वेल माजला. पांढरी फुलं आली, फुलामागे बोटाएवढे दुधी आले, आणि चार दिवसांत पिवळे पडून गळले. शेणखत घातलं, मांडव बदलला. गळतच राहिले.

मुलगा म्हणाला, "बाबा, कशाला त्रास? दुधी मंडईत मिळतो. येताना आणतो."

"आण. आणि तुझी आई मिळते का तीही बघ तिथे."

दुसऱ्या दिवशी त्याने दुधी आणलाच. माझं तोंड असंच आहे.

तो दुधी मीच केला. चणाडाळ भिजवली, लसूण-जिऱ्याची फोडणी दिली आणि तांब्याभर पाणी ओतलं. मागून कळलं, ती पाणी घालायचीच नाही. वर झाकणीत पाणी ठेवून वाफेवर शिजवायची. जन्मभर खाल्लं, बघितलं कधी नाही. सून म्हणाली, "बाबा, सूप छान झालंय."

शेवटी शेजारच्या म्हातारीने भिंतीवरून विचारलं, "भाऊ, वहिनींसारखं फुलाला फूल घासता ना?"

"ते आणि काय?"

"अहो, दिवेलागणीला फुलं उमलली की वहिनी नराचं फूल तोडायच्या आणि मागे दुधी असलेल्या फुलावर फिरवायच्या. ही समोरची इमारत उठल्यापासून इकडे किडा-पाखरू फिरकतंय कुठं?"

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही विचारलंत कधी?"

दहा-बारा वर्षं ती संध्याकाळी वेलापाशी उभी असायची. मला वाटायचं, शेजारणीशी गप्पा छाटतेय. मी खुर्चीतून ओरडायचो, "चहा टाकतेस का वेलच उकळू?" ती म्हणायची, "आले हो, एवढं झालं की." एवढं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

कारखान्यात लेथवर घासलेले हात माझे. पहिलं फूल चुरगळलं. दुसऱ्याचं देठच मोडलं. तिसऱ्या संध्याकाळी जमलं, आणि एक दुधी टिकला. बाकी वेल वैशाखाच्या उन्हात करपत चालला.

दुधी वीतभर झाला तेव्हा सून म्हणाली, "बाबा, अजून कोवळा आहे. चणाडाळ घालून करू? आईंसारखी?"

तोंडाला पाणी सुटलं. तिच्या हातची नाही तरी तिच्या वाणाची भाजी. पण मी ओरडलो, "हात लावू नकोस त्याला!" पोरीचे डोळे भरले. मग बियांचं सगळं सांगितलं. तिने जुनी ओढणी फाडली आणि दुधीला खालून झोळी बांधली.

पावसाच्या आधी तो देठासकट उतरवला, स्वयंपाकघरात टांगला. पावसाळाभर मी तो दिवसातून दहादा कानाशी धरून हलवायचो. आवाज येई, पण आत भरीव बी आहे की पोचट, ते कसं कळणार? फोडायची भीती वाटे.

पाऊस सरल्यावर विळ्याने फोडला. बी घमेल्यातल्या पाण्यात टाकलं. बरंच वर तरंगलं, ते फुकट. तळाला मूठभर राहिलं.

ते पेपरवर पसरून अंगणात ठेवलं. जांभळीची सावली सरके, तसा मी पेपर उन्हात ओढत होतो. सुनेने आतून हाक मारली, "बाबा, जेवायला येताय ना?"

म्हटलं, "ताट इकडेच आण. चिमण्या आहेत."