जठला आवाज तठेच

जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांना त्यांचे जुने आवाज परत मिळवून दिले ते मी. म्हणजे रिक्षा माझी होती. यंत्र, भोंगा, आवाज आणि डोकं हे सगळं माझ्या बायकोच्या मामांचं. असा माणूस अख्ख्या खान्देशात दुसरा झाला नाही, आणि झाला असता तर त्याला रिक्षावाला मिळाला नसता. माझ्यासारखे तिसरीत दोनदा बसलेले लोक काही गल्लोगल्ली सापडत नाहीत.

मामा धुळ्याचे, रेडिओ दुरुस्त करणारे. तरुणपणी त्यांनी एक जुनं टेप-यंत्र विकत घेतलं आणि ते खांद्याला अडकवून जिथं जातील तिथले आवाज भरून आणले. बाजारातली ओरड, गिरणीचा भोंगा, पिंपळनेरच्या एस.टी.त कोंबड्यावरून झालेलं भांडण. पुढं उंदरांनी मूळ फिती खायला सुरुवात केली, तेव्हा उरलेल्या त्यांनी कॅसेटींवर उतरवल्या. मग रिक्षाच्या टपावर भोंगा, मागच्या सीटवर बॅटरी आणि मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन मामा ते आवाज ज्याच्या त्याला परत करत हिंडू लागले. त्यांचा नियम एकच. "जठला आवाज, तठेच." जिथला आवाज तिथंच वाजणार. पिंपळनेरचं भांडण ऐकायचं तर पिंपळनेरला चला. जागा म्हणजे अगदी तीच जागा. जळगावात एकदा त्या जागेवर एक म्हैस बसली होती, तर आम्ही म्हैस उठेपर्यंत दीड तास थांबलो. मी म्हटलं, मामा, चार हात अलीकडे लावू. तर म्हणाले, "जावईबापू, लगीन तुमनं. मंडप शेजारीना दारे टाकतस का?" मामा मला जावई म्हणून पूर्ण मान द्यायचे आणि त्याच मानाने भोंगा पुसायला लावायचे.

त्यांच्याकडे एक छोटं सिनेमाचं यंत्रही होतं आणि धुळ्याच्या बैलबाजाराची मुकी फिल्म होती. तीसुद्धा त्या बाजारामागच्या भिंतीवरच दाखवायची. मधल्या काळात भिंतीवर दंतमंजनाची जाहिरात रंगवलेली. दिवेलागणीला हॉटेलातून वायर ओढून फिल्म लावली, तर सगळे बैल एका बाईच्या दातांतून बाहेर येऊ लागले. मी पडदा म्हणून माझं धोतर बांधू म्हणालो. मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी धोतर गुपचूप घडी करून ठेवलं. पण गर्दीतले एक आबा पुढं झाले आणि भिंतीवरच्या एका बैलाला नाव घेऊन हाक मारली. त्यानंतर मला दात दिसले नाहीत.

आता माझी करामत. नशिराबादच्या फाट्यावर एक अक्का भेटल्या. त्यांचे मालक तिथं गरम शेंगा विकायचे. ते वारले, आणि फोटो एकही नव्हता. अक्का मामांना म्हणाल्या, चेहरा डोळ्यांपुढं आहे, पण आवाज आठवेनासा झालाय. मामांकडं त्या शेंगावाल्याचा आवाज होता. पुढच्या बाजारी कॅसेट आणतो म्हणाले, आणि आणली. आम्ही जरा लवकर पोचलो. मामा चहाला गेले. मी कॅसेट हातात घेतली, तर तिच्या पाठीची एक बारीक पट्टी तुटून भोक पडलेलं. मला वाटलं, आवाज गळत असणार. सीटच्या फाटक्या गादीतला कापूस काढून तिथं गच्च कोंबला. लाल बटण दाबलं म्हणजे आपला आवाज भरतो एवढं मला ठाऊक होतं. आपल्याला गळा आहे असाही समज होता. हळदीचं एक गाणं म्हणून बघितलं आणि कॅसेट होती तशी मागं फिरवून ठेवली. ती पट्टी मामांनीच मोडली होती, वरून कोणी काही भरू नये म्हणून, हे मला नंतर कळलं.

अक्का नवं लुगडं नेसून, घरून स्टूल घेऊन आल्या. मागं दोन्ही नणंदा. मामांनी बटण दाबलं आणि भोंग्यातून अख्ख्या फाट्यावर मी. अक्का म्हणाल्या, "हा माहा मानूस नाही." मी बंद करायला धावलो, तर मामांनी माझं मनगट धरलं. लागलेली टेप ते अर्ध्यात थांबवत नसत. मी जागच्या जागी उभा राहून मला ऐकत होतो. दोन ओळी झाल्या, तिसरीला मी अडखळलो, "पुढं काय बरं..." असं म्हणालो आणि खट्.

आणि लगेच, "गरम शेंगाऽऽ!" मग एक खोकला. मग त्याच माणसाचा आवाज, "मीठ कुठी ठेवलं व?" आणि एका तरण्या बाईचा, "तुमच्या डोयासमोर."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. मग पदर बाजूला करून म्हणाल्या, "पुन्हा."

पुन्हा म्हणजे मामांच्या नियमानं पहिल्यापासून. माझ्यासकट. त्या दिवशी ते सहा वेळा झालं. परतताना मी म्हटलं, मामा, माझा तुकडा पुसून टाका. मामा बाहेर बघत म्हणाले, "पुसाना नही. तो बी तठलाच आवाज शे." मग दर बाजारी आधी मी, मग खोकला, मग मीठ. फाट्यावरची पोरंसुद्धा "पुढं काय बरं" माझ्याबरोबर म्हणायची.

मामा गेले तेव्हा मामींनी टेपरेकॉर्डर मला दिला. मी पहिल्या बाजारी एकटाच नशिराबादला गेलो, चाक त्याच जागी लावलं, भोंगा पुसला. रिक्षात मागं कुणी "जावईबापू" म्हणेना, म्हणून उगाच दुसऱ्यांदा पुसला. अक्का काठी टेकत आल्या, स्टुलावर बसल्या, सगळं ऐकलं. मला राहवलं नाही. म्हटलं, अक्का, माफ करा, अजूनही माझं रडगाणं आधी ऐकावं लागतं तुम्हाला.

अक्का उठल्या, स्टूल उचललं. "तुले गानं पाठ नव्हतं म्हनून माहा मानूस वाचला," त्या म्हणाल्या. "आता शिकू नको."